औदुंबर, बगाराम आणि मास्टर विनायक

१९३८ साली जगाच्या दोन टोकांना, एकमेकांशी काही देणेघेणे नसलेले दोन चित्रपट जवळजवळ एकाच गमतीवर उभे राहिले. हॉलिवुडमध्ये हॉवर्ड हॉक्सचा 'ब्रिंगिंग अप बेबी' आला. डायनासोरच्या सांगाड्यात बुडालेला एक शास्त्रज्ञ आणि त्याच्या शिस्तीची पार वाट लावणारी एक अवखळ मुलगी. कोल्हापुरात हंस पिक्चर्सचा 'ब्रह्मचारी' आला. ब्रह्मचर्याचा वसा घेतलेला एक तरुण आणि तो वसा टिकू न देणारी तशीच एक मुलगी. हॉक्सचा चित्रपट तेव्हा पडला आणि पुढे अभिजात ठरला. 'ब्रह्मचारी' तेव्हाच धो धो चालला, पण आज बहुतेकांना त्यातला मीनाक्षी शिरोडकरांचा पोहण्याचा पोशाख तेवढा ठाऊक असतो. दिग्दर्शकाचे नाव विचारले तर उत्तर येते, 'नंदाचे वडील'.

अभिनेत्री नंदाचे वडील ते होतेच. विनायक दामोदर कर्नाटकी, म्हणजे मास्टर विनायक. वि. स. खांडेकरांना चित्रपटात आणणारे, मंगेशकर कुटुंबाच्या पडत्या काळात लताबाईंना काम देणारे, अशा दुसऱ्यांच्या चरित्रांतल्या नोंदींमध्ये ते विखुरले आहेत. त्यांची स्वतःची दिग्दर्शनाची कारकीर्द १९३५ ते १९४७, जेमतेम बारा वर्षांची. तिच्यातला १९३८ ते १९४२ हा विनोदी चित्रपटांचा पट्टा मला सर्वांत मोलाचा वाटतो. गंभीर चित्रपटांतून समाजाला जे सांगायची विनायकांची धडपड होती, ते या हसवणाऱ्या चित्रपटांतून जास्त नेमके पोचले.

नारदापासून हंसपर्यंत

विनायकांचा जन्म १९ जानेवारी १९०६ चा, कोल्हापूरचा. घराणेच सिनेमाचे. भाऊ वासुदेव कर्नाटकी छायालेखक. बाबूराव आणि भालजी पेंढारकर, व्ही. शांताराम ही नात्यातली मंडळी. त्या काळी कोल्हापुरात एका घराचे दार उघडले की स्टुडिओतच पाऊल पडावे, असा हा गोतावळा होता. प्रभात फिल्म कंपनीच्या १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त विनायक नारद झाले. प्रभात पुण्याला गेली, विनायक कोल्हापूर सिनेटोनमध्ये आले आणि १९३५ साली मामा वरेरकरांच्या कथेवरचा 'विलासी ईश्वर' त्यांनी दिग्दर्शित केला. शोभना समर्थ पडद्यावर आल्या त्या याच चित्रपटातून.

१९३६ साली विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक या तिघांनी हंस पिक्चर्स काढली. दिग्दर्शक, नट आणि कॅमेरा घरचाच; बाहेरून आणायचा तो लेखक. इथे विनायकांची नजर दिसते. नाटक कंपन्यांतले तयार संवादलेखक बाजूला ठेवून ते थेट साहित्यिकांच्या दारात गेले. पहिलाच 'छाया' खांडेकरांचा. पुढचे 'धर्मवीर' आणि 'प्रेमवीर' आचार्य अत्र्यांचे. 'धर्मवीर'च्या मागे तर इब्सेनचे नाटक होते. चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत करायचा हा हंसचा शिरस्ता होता, त्यामुळे कोल्हापुरात बसून उत्तरेतला प्रेक्षकही नजरेसमोर ठेवावा लागे.

मग आला १९३८ चा 'ज्वाला'. खांडेकरांची कथा, चंद्रमोहनसारखा भेदक डोळ्यांचा नट, सत्तेच्या लालसेने पेटलेला सेनापती, भरजरी पोशाख आणि मोठाले सेट. हंसने त्यावर भरमसाट खर्च केला आणि चित्रपट सपशेल आपटला. त्याच वर्षी आला 'ब्रह्मचारी'.

वसा आणि पाणी

'ब्रह्मचारी'चा नायक औदुंबर हा साधा तरुण, सिनेनट्यांच्या चित्रांवर जीव टाकणारा. देशभक्त जटाशंकरांचे ब्रह्मचर्यावरचे घणाघाती व्याख्यान ऐकतो आणि त्याच्या अंगात वारे शिरते. भिंतीवरच्या नट्या खाली उतरतात आणि हे महाशय आचार्य चंडिरामांच्या आश्रमवजा संस्थेत दाखल होतात. तिथे किशोरी येते. पुढचे सांगायला नको.

औदुंबर स्वतः विनायकांनी केला, आणि चित्रपटाची खरी करामत या निवडीत आहे. विनायकांची शरीरयष्टी नाजूक, चेहरा भाबडा, डोळे प्रत्येक गोष्टीवर पटकन विश्वास ठेवणारे. असा माणूस दंड थोपटू लागला की हसू येते, पण त्याचा राग येत नाही. 'ब्रह्मचारी' लिहिला अत्र्यांनी, आणि त्यांच्या लेखणीला मुळातच धार. ढोंगी पात्र दिसले की ती त्याला सोलून काढी. विनायकांनी नायकाला त्या धारेपासून सांभाळले. चंडिराम आणि जटाशंकर यांची पुरती रेवडी उडते, औदुंबर मात्र आपला वाटत राहतो. नेता लबाड असू शकतो, त्याच्यामागे जाणारा पोरगा बहुधा भाबडा असतो, हा फरक या चित्रपटाला कळतो. राजकीय विडंबनात तो फार थोड्यांना कळतो.

पोहण्याच्या गाण्याचेच पाहा. पोहण्याच्या पोशाखातली मीनाक्षी पाण्यातून साद घालते आहे, हे सगळ्यांना आठवते. पण प्रसंगाचा भार आहे काठावरच्या औदुंबरावर. बघायचे नाही असे ठरवलेला माणूस किती तऱ्हांनी बघतो, हे विनायक चेहऱ्यावर दाखवत राहतात. मोहात पाडणारी स्त्री इथे खलनायिका नाही. हसते ती, खेळते ती, आणि चित्रपटात शहाणी ठरते तीही तीच. १९३८ च्या मराठी प्रेक्षकासमोर हे ठेवायला धाडस लागत होते. हॉलिवुडमध्ये १९३४ पासून हेज संहितेचा बडगा होता, नवरा-बायकोलाही पडद्यावर दोन वेगळ्या खाटा द्याव्या लागत. तिथल्या दिग्दर्शकांनी म्हणून प्रणय शब्दांच्या चकमकीत लपवला. आपल्याकडे ब्रिटिश सेन्सॉरचा डोळा मुख्यतः राजकारणावर असे. पोहण्याचा पोशाख सेन्सॉरच्या कात्रीतून सुटला. वादळ उठले ते समाजात, आणि त्या वादळाने तिकीटबारीचे भलेच केले.

बगारामची बाटली

पुढच्या वर्षी अत्रे-विनायक जोडीने 'ब्रँडीची बाटली' आणली. मुंबईत काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदी लागू केली तेही १९३९ सालीच. बगाराम हा म्युनिसिपालिटीतला बुजरा कारकून, मालतीवर मनातल्या मनात भाळलेला. तिच्या आजारी भावाला औषध म्हणून ब्रँडी हवी असते. बगाराम आनंदाने हो म्हणतो. अडचण एकच, ब्रँडी म्हणजे काय हे त्याला माहीत नाही.

एवढ्याशा दाण्यावर सबंध चित्रपट उभा आहे. बगारामच्या भूमिकेत दामूअण्णा मालवणकर. दामूअण्णांच्या तिरळ्या नजरेचा असा उपयोग दुसऱ्या कुठल्या दिग्दर्शकाने क्वचितच केला असेल: हा माणूस नेमका कुठे पाहतो आहे हे समोरच्याला कळत नाही आणि जग नेमके कुठे चालले आहे हे त्याला कळत नाही. गावभर बाटली शोधताना त्याच्या वाट्याला सगळा समाज येतो. कुणी तोंडाने बंदीचे गोडवे गातो, कुणाची बंदीवर सोय आधीच लागलेली. बगारामच्या निरागस प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची कुणाची तयारी नाही.

हा चित्रपट यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या कळंबमध्ये बसून पाहण्यात वेगळी मौज आहे. तेव्हा आमचे वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हते, मध्यप्रांतात होते. मुंबईचा कायदा इथे लागू नव्हता. पण पुढे गंमत झाली. इथून देवळीकडे निघा, वर्धा नदी ओलांडा, की दारूबंदीचा जिल्हा लागतो. गांधी-विनोबांची भूमी म्हणून सत्तरच्या दशकापासून वर्धा जिल्ह्यात बंदी आहे. नदीच्या अलीकडचा यवतमाळ जिल्हा मोकळा, आणि याच जिल्ह्यात बायाबापड्यांनी बंदीसाठी मोर्चे काढलेले. एका पुलाच्या दोन टोकांना दोन कायदे. कोणती बाटली कोणत्या दिशेने पूल ओलांडते, हे इथे शेंबड्या पोरालाही सांगावे लागत नाही. बगाराम आज या रस्त्याला लागला असता तर त्याला कुणीही विचारले असते, 'काऊन बा, येवढंबी ठाऊक नाही?' 'ब्रँडीची बाटली' बंदी चांगली की वाईट या वादात पडत नाही. कायदा आणि माणसाची सवय यांच्यात जी फट राहते तिच्यात कॅमेरा ठेवते. आमच्या भागात ती फट अजून बुजलेली नाही.

चिमणराव पडद्यावर

१९४० साली विनायक, बाबूराव वगैरे मंडळींनी नवयुग चित्रपट संस्था उभारली. अत्र्यांशी मात्र लवकरच बिनसले. अत्र्यांनी आपली चित्रसंस्था काढून १९४१ साली 'पायाची दासी' काढला. दोघेही मोठे, दोघेही मानी, त्यामुळे जोडी फुटण्याचे नवल नाही. नवल याचे, की विनायकांना लगोलग दुसरा, अगदी वेगळ्या प्रकृतीचा विनोदकार सापडला: चिं. वि. जोशी. बडोद्याचे हे प्राध्यापक पालीचे पंडित, आणि त्यांचा चिमणराव मराठी घराघरांत पोचलेला.

'लग्न पहावे करून' (१९४०) मध्ये चिमणरावाच्या बहिणीचे लग्न जमवायचे आहे, एवढेच कथानक. दामूअण्णा चिमणराव, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. अत्र्यांच्या विनोदात कुणीतरी चितपट व्हावे लागे, चिं. वि. यांच्या विनोदात सगळेच थोडे थोडे घसरतात आणि कपडे झटकून पुन्हा चालू लागतात. विनायकांनी आपला वेग त्याप्रमाणे बदलला. मुलगी दाखवण्याचे कार्यक्रम, हुंड्याची घासाघीस, वरपक्षाची मिजास हे सारे प्रेक्षकाने स्वतःच्या घरात पाहिलेले. त्याला चिमटा बसे, पण अपमान वाटत नसे. १९४२ च्या 'सरकारी पाहुणे'त हीच जोडी पुन्हा जमली. पुढे सत्तरच्या दशकात दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ गाजवले तेव्हा नव्या पिढीला ते प्रथमच दिसले असे वाटले. दामूअण्णा आणि जोग तिथे पस्तीसेक वर्षे आधीच जाऊन आले होते.

सलिव्हनचा प्रश्न

विनायकांच्या चित्रपटांची यादी ओळीने लावली की एक गोष्ट खटकते. 'ब्रह्मचारी' आणि 'ब्रँडीची बाटली' गाजल्यावर 'देवता' आणि 'अर्धांगी', 'लग्न पहावे करून'नंतर 'अमृत'. विनोदाने यश दिले की विनायक पुन्हा गंभीर, ध्येयवादी विषयाकडे वळणार. खांडेकरांचा आदर्शवाद त्यांच्या रक्तात होता, आणि त्या काळचा सुशिक्षित मराठी माणूस हसवणाऱ्याला टाळ्या देई, मान मात्र रडवणाऱ्याला.

प्रेस्टन स्टर्जेस या अमेरिकी दिग्दर्शकाने १९४१ मध्ये याच पेचावर 'सलिव्हन्स ट्रॅव्हल्स' केला. सलिव्हन हा हलक्याफुलक्या चित्रपटांचा यशस्वी दिग्दर्शक. दुःखी जगावर एक थोर चित्रपट काढायचा म्हणून तो भणंगाच्या वेशात निघतो आणि शेवटी कैद्यांच्या छावणीत जाऊन पडतो. तिथे थकलेले कैदी एक कार्टून पाहून खदखदून हसतात, तोही हसतो, आणि हसवण्याचे मोल त्याला कळते. विनायकांच्या कारकिर्दीत असा क्षण आल्याचे त्यांच्या चित्रपटांवरून तरी दिसत नाही. त्यांनी दोन्ही दगडांवर पाय ठेवला.

पण मी त्यांना दोष देणार नाही. विनायकांचा विनोद पोकळ झाला नाही तो या ध्येयवादामुळेच. 'ब्रह्मचारी'च्या तळाशी स्त्री-पुरुष संबंधांविषयीची निकोप दृष्टी आहे, 'लग्न पहावे करून'च्या तळाशी हुंड्याची चीड आहे. फरक इतकाच, की गंभीर चित्रपटात हीच मते पात्रांच्या तोंडून भाषणे होऊन येतात. विनोदी चित्रपटात त्यांना प्रसंग व्हावे लागते. 'ज्वाला'चा सेनापती बोलतो खूप. बगारामला धड बोलताही येत नाही, म्हणून त्याच्या वाटेवर येणाऱ्यांना स्वतःचे पितळ स्वतःच उघडे करावे लागते.

प्रफुल्ल आणि अखेर

१९४३ साली विनायकांनी प्रफुल्ल पिक्चर्स ही स्वतःची संस्था काढली. 'माझे बाळ', 'चिमुकला संसार', 'गजाभाऊ' हे तिचे चित्रपट. १९४२ च्या एप्रिलमध्ये दीनानाथ मंगेशकर गेल्यावर किशोरवयीन लता या मंडळींच्या चित्रपटांत छोटी कामे करू लागली आणि प्रफुल्लच्या पगारावर राहिली. १९४५ साली संस्था मुंबईला हलली, तिच्यामागोमाग मंगेशकर भावंडेही. 'बडी माँ'त नूरजहाँ नायिका आणि लता, आशा किरकोळ भूमिकांत. पण युद्धाने कच्च्या फिल्मचा तुटवडा केला होता, हिंदीचा बाजार मोठ्या भांडवलवाल्यांचा झाला होता. कोल्हापूरची ती घरगुती, लेखकाशी गप्पा मारत सिनेमा रचणारी पद्धत त्या बाजारात तग धरणे कठीणच होते. १९ ऑगस्ट १९४७ रोजी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी विनायक गेले. अपुरा 'मंदिर' दिनकर द. पाटलांनी पुरा केला. त्यात बेबी नंदा होती. खेळायच्या वयात तिच्यावर घराचा भार आला.

पुढच्या मराठी विनोदपटांतला नायक पाहिला, 'लाखाची गोष्ट'मधला राजा गोसावींचा असो की 'सोंगाड्या'तला दादा कोंडक्यांचा, की तो भाबडा आणि जग बनेल ही मांडणी ओळखीची वाटते. औदुंबर आणि बगाराम यांचे ते धाकटे भाऊ आहेत. मात्र भाऊ मिळाले, अत्रे आणि चिं. वि. मिळत गेले नाहीत. लेखक आधी आणि नट मागून, हा विनायकांचा क्रम पुढे उलटा झाला आणि विनोद नटाच्या अंगविक्षेपांवर येऊन टेकला.

नव्याने पाहणाऱ्याने 'ब्रँडीची बाटली'पासून सुरुवात करावी. ध्वनिमुद्रण खरखरीत आहे, गाणी मध्येच अडवतात, काही प्रसंग लांबतात, ते सोसावे. मग 'ब्रह्मचारी' पाहावा आणि गाण्यात नजर मुद्दाम औदुंबरावर ठेवावी. त्यानंतर गंभीर विनायक पाहायला हरकत नाही. आधी गंभीर पाहिले तर एका सज्जन, तळमळीच्या दिग्दर्शकाची भेट होईल. या क्रमाने पाहिले तर मराठी पडद्याच्या पहिल्या फळीतल्या विनोदी दिग्दर्शकाची होईल.