डीएनएस दोषनिवारण

डीएनएस दोषनिवारण म्हणजे संकेतस्थळाच्या किंवा सर्व्हरच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता का मिळत नाही, याचा क्रमाने शोध घेऊन ती अडचण दूर करण्याची प्रक्रिया होय. कार्यालयात "इंटरनेट बंद आहे" अशी तक्रार येते, तेव्हा अनेकदा जोडणी चालू असते. केवळ नावाचा पत्ता लागत नसतो. वापरणाऱ्याला दोन्ही दोषांची लक्षणे सारखीच दिसतात. म्हणून ते वेगळे ओळखणे ही या प्रक्रियेची पहिली पायरी ठरते.

पार्श्वभूमी

अर्पानेटवरील संगणकांची नावे व पत्ते सुरुवातीला एकाच फाइलमध्ये नोंदवले जात. जाळे वाढल्यावर ही पद्धत अपुरी पडली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम अर्थात डीएनएसची रचना मांडली. तीत नावांच्या नोंदी अनेक सर्व्हरांमध्ये विभागलेल्या असतात. जुन्या पद्धतीचा अवशेष असलेली 'होस्ट्स' फाइल आजही संगणकांत आढळते.

जोडणीची तपासणी

विंडोज प्रणालीत 'आयपीकॉन्फिग' या आज्ञेने संगणकाचा पत्ता दिसतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असल्यास डीएचसीपी सर्व्हरकडून पत्ता मिळालेला नसून संगणकाने तो स्वतःच घेतला आहे, असे समजावे. त्यानंतर 'पिंग' आज्ञेने प्रथम गेटवे व मग बाहेरील एखादा आयपी पत्ता तपासतात. काही फायरवॉल पिंग अडवतात. त्यामुळे उत्तर न येणे हा जोडणी तुटल्याचा निर्णायक पुरावा नव्हे. मात्र पत्ता वापरून उत्तर मिळते आणि नाव वापरून मिळत नाही, अशा वेळी दोष नामशोधात असतो.

नामशोधाची तपासणी

'एनएसलुकअप' ही आज्ञा थेट डीएनएस सर्व्हरला विचारते. होस्ट्स फाइल आणि संगणकातील तात्पुरत्या नोंदी ती पाहत नाही. पिंग मात्र त्या दोन्हींचा वापर करते. दोन आज्ञा वेगवेगळे पत्ते देत असल्यास जुनी किंवा चुकीची नोंद संगणकातच असण्याची शक्यता अधिक असते. तात्पुरत्या नोंदी 'फ्लशडीएनएस' या पर्यायाने पुसता येतात.

सर्व्हरने "असे नाव नाही" असे कळवल्यास नाव चुकीचे लिहिलेले असते किंवा त्याची नोंद त्या सर्व्हरला ठाऊक नसते. मुदतीत उत्तरच न आल्यास सर्व्हर बंद असणे किंवा फायरवॉलने ५३ क्रमांकाचे पोर्ट अडवणे ही कारणे संभवतात.

कार्यालयीन जाळ्यातील अडचणी

फाइल सर्व्हर, छपाईयंत्र इत्यादींची अंतर्गत नावे बहुधा कार्यालयाच्या डीएनएस सर्व्हरलाच ठाऊक असतात. तो बदलून सार्वजनिक सर्व्हर नेमल्यास संकेतस्थळे उघडतात, परंतु अंतर्गत सेवा सापडेनाशा होतात. अॅक्टिव्ह डिरेक्टरी वापरणाऱ्या कार्यालयात लॉगिनमध्येही अडथळे येतात. सार्वजनिक सर्व्हर दुय्यम म्हणून जोडणेही सुरक्षित नसते. "असे नाव नाही" हे त्याचे उत्तर संगणक पूर्ण उत्तर मानतो व दुसऱ्या सर्व्हरला विचारत नाही. परिणामी दोष अधूनमधून उद्भवतो आणि शोधणे कठीण जाते.

सर्व्हरचा पत्ता बदलल्यावरही जुने उत्तर काही काळ मिळत राहते. हा काळ नोंदीच्या 'टीटीएल' या मूल्यावर अवलंबून असतो. ३६०० म्हणजे एक तास. म्हणून नियोजित बदलापूर्वी पुरेसा वेळ आधी हे मूल्य कमी करतात.