रुग्ण नसलेले रुग्णालय

पासबुकात चुकीची रक्कम पडली, तर तक्रार करून ती दुरुस्त करून घेता येते. रुग्णाच्या बाबतीत तेवढी सवड असतेच असे नाही. 1985 ते 1987 या काळात अमेरिका व कॅनडात थेरॅक-25 या संगणकचालित किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणांचा मारा केला. त्यांतील काही दगावले. यंत्राच्या आज्ञावलीतील एक दोष मोठा चमत्कारिक होता. भरलेली माहिती तंत्रज्ञाने काही सेकंदांत दुरुस्त केली, तरच तो प्रकट होई. सावकाश टंकलेखन करणाऱ्याला तो दिसलाच नसता.

मग असे दोष हुडकायला विद्यार्थ्यांना शिकवायचे कसे? बेरीज-वजाबाकीच्या चिमुकल्या आज्ञावल्यांवर ही दृष्टी येत नाही आणि खऱ्या रुग्णालयात प्रयोग करता येत नाहीत. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात लॉरी विल्यम्स यांनी 2005 साली 'आयट्रस्ट' सुरू केले, ते या अडचणीवर चांगले उत्तर आहे. ही रुग्णनोंदींची आज्ञावली आहे. तिच्यात डॉक्टर आहेत, रुग्ण आहेत, भेटींच्या नोंदी आहेत. पण सारे रुग्ण कल्पित! तिचा मूळ मजकूर खुला असल्याने कोणालाही तो वाचता, बदलता व तपासता येतो. एका वर्गाने त्यात भर घालायची, पुढच्या वर्गाने ते काम वारशाने घ्यायचे, अशी तिथली रीत होती.

आता चाचणी म्हणजे काय ते पाहू. समजा, नियम असा आहे: वय तीन वर्षांहून कमी असेल, तर डोक्याचा घेर नोंदवावा, त्यापुढे नोंदवू नये. एक वर्षाचे बाळ आणि चाळिशीचा गृहस्थ घेऊन पाहिले, तर उत्तर बहुधा बरोबरच येईल. चुका दडतात त्या सीमेवर. म्हणून तिसऱ्या वाढदिवसाचा आदला दिवस, तो दिवस आणि दुसरा दिवस, अशा तिन्ही तारखा घ्यायच्या. 'पेक्षा कमी' याऐवजी 'पेक्षा कमी किंवा तितकेच' असे लिहिले गेले असेल, तर मधल्या तारखेला ते उघडे पडते.

आता 29 फेब्रुवारी 2024 रोजी जन्मलेले बाळ घ्या. 2027 मध्ये ती तारीखच नाही. मग त्याला तीन वर्षे पूर्ण कधी होणार, 28 फेब्रुवारीला की 1 मार्चला? संगणक काहीतरी उत्तर देईल. पण ते बरोबर की चूक हे ठरवणार कोण? नियमातच ते सांगितलेले नाही. अपेक्षित उत्तर आधी लिहून ठेवायला बसले, की अशी भोके दिसतात. माझ्या मते चाचणीतला सर्वांत मोलाचा भाग हाच.

आयट्रस्टमध्ये आणखी एक सोय आहे: आपली नोंद कोणी पाहिली, हे रुग्णाला कळते. इथे चाचणी उलट्या बाजूने करावी लागते. अधिकार नसलेल्याने नोंद उघडू पाहिली, तर दार बंदच राहते ना?

संगणक नसला तरी वर्गात हे जमेल. पहिलीच्या प्रवेशाचा वयाचा नियम फळ्यावर लिहा. निम्म्या मुलांनी तो पायऱ्या-पायऱ्यांनी मांडावा आणि उरलेल्यांनी जन्मतारखा शोधून तो मोडून दाखवावा.