टाच बांधलेली की मोकळी?

भाच्याचा फोन श्रीनगरहून आला. तिथं त्याचं गलाईचं दुकान आहे. आमच्या माण-खटावकडची आणि पलीकडच्या खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायच्या कामात देशभर पसरलीत, त्यातलाच तो एक. म्हणाला, "मामा, या जानेवारीत पोरांना गुलमर्गला स्कीइंग शिकायला घालतोय. तुम्ही फौजेत असताना तिथंच शिकला होता ना? कसल्या स्की घेऊ?"

मी म्हटलं, "विकत काही घेऊ नकोस, तिथं भाड्यानं मिळतात. पण दुकानदारानं स्की हातात दिल्या की पहिली टाच बघ."

त्याला काही उमगलं नाही. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतंच, म्हणून लिहायला बसलो.

मी माणचा. आमच्याकडं पाऊसच पाहुण्यासारखा येतो, तिथं बर्फ कुठला? म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाच्या यात्रेत मिळणारा बर्फाचा गोळा, एवढीच माझी ओळख. पुढं बेळगावच्या मराठा सेंटरमधून पलटणीत गेलो आणि काही वर्षांनी एका हिवाळ्यात गुलमर्गच्या कोर्सला नाव लागलं. १९४७-४८च्या काश्मीर युद्धात बर्फातली लढाई किती वेगळी असते ते सैन्यानं अनुभवलं होतं. त्यातूनच १९४८ साली मेजर जनरल थिमय्यांच्या पुढाकारानं तिथं स्की शिकवणारी शाळा निघाली. १९६२पासून ती हाय आल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल या नावानं ओळखली जाते. गुलमर्ग साधारण २६५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या डोक्यावर आणखी हजार मीटर. पहिल्या दिवशी बूट घालून नुसतं उभं राहिलो तरी धाप लागत होती.

आता टाचेकडं येतो.

स्की म्हणजे मुळात चिरलेलं लाकूड. जुन्या नॉर्स भाषेतल्या त्या शब्दाचा अर्थच तसा होता. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात माणसं हजारो वर्षं पायांना फळ्या बांधून शिकारीला, सरपणाला, शेजारच्या गावाला जात आली. पाय मऊ बर्फात रुतू नये, एवढ्यासाठी ती फळी. चालायचं तर टाच उचलावी लागते, म्हणून चवडा बांधायचा आणि टाच मोकळी सोडायची. पुढं माणसं आल्प्सच्या उभ्या उतारांवर गेली. तिथं चालण्यापेक्षा उतरणं महत्त्वाचं ठरलं आणि भरधाव उतरताना पाय स्कीवर डुगडुगून चालेना. तेव्हा टाचही बांधली गेली. स्कीइंगचे पुष्कळसे प्रकार या एका गोष्टीवरून ओळखता येतात.

टाच बांधलेली ते अल्पाइन. टीव्हीवर दिसतं ते बहुतेक हेच. यात स्लॅलम म्हणजे जवळजवळ रोवलेल्या खांबांमधून झटपट वळणं घेत उतरणं. जायंट स्लॅलममध्ये खांब लांब लांब असतात, सुपर-जीमध्ये त्याहून लांब, आणि डाउनहिल म्हणजे निव्वळ वेग, ताशी शंभर किलोमीटरच्या वर. गुलमर्गच्या पायथ्याशी असलेल्या तंगमर्गचा आरिफ खान २०२२च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. तो स्लॅलम आणि जायंट स्लॅलमला उतरला आणि जायंट स्लॅलममध्ये पंचेचाळिसावा आला. ज्या उतारांवर आम्ही धडपडलो त्याच उतारांवर वाढलेला हा मुलगा. त्या दिवशी शर्यत बघताना मला बसवेना.

टाच मोकळी ते नॉर्डिक. यात क्रॉस-कंट्री, म्हणजे बर्फावरची लांब पल्ल्याची दौड. स्की अरुंद, हलकी आणि बूट कापडी जोड्यासारखे. बघणाऱ्याला संथ वाटतं, पण याच्याइतकी छाती फोडणारी मेहनत फार थोड्या खेळांत असेल. फौजेतल्या जगदीश सिंगनं २०१८च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये यात भारताचं प्रतिनिधित्व केलं. हीच दौड पाठीवर रायफल घेऊन, मध्येमध्ये थांबून निशाणे मारत केली की झालं बायथलॉन. दम लागलेला असताना श्वास रोखून नेम धरायचा. आम्हा शिपायांना त्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. मोठ्या उतरणीवरून हवेत झेपावण्याचा स्की जंपही नॉर्डिकच. टेलेमार्क प्रकारात टाच मोकळी ठेवूनच डोंगर उतरतात आणि एक गुडघा जवळजवळ स्कीला टेकवून वळतात. नॉर्वेच्या टेलेमार्क भागातल्या सोंद्रे नूरहाइमनं एकोणिसाव्या शतकात ते वळण गाजवलं.

आणि तिसरी तऱ्हा आमची, डोंगरी गस्तीची. चढताना टाच मोकळी, उतरताना बांधलेली. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवतात. तिला आजही स्किन म्हणतात, कारण पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे. आता मोहेर, म्हणजे अंगोरा शेळीची लोकर, नाहीतर नायलॉन वापरतात. गाईच्या पाठीवरून केसांच्या दिशेनं हात फिरवला तर सरसर जातो, उलटा फिरवला तर अडतो. ती पट्टी तसंच काम करते. स्की पुढं सरकते, मागं घसरत नाही. माथ्यावर पोचलं की पट्ट्या सोलायच्या, घडी करून अंगाशी धरायच्या म्हणजे डिंक गोठत नाही, टाच खटकन बसवायची आणि उतरायचं.

उड्या, कोलांट्या, उंचवट्यांवरून नाचत जाणं या फ्रीस्टाइल प्रकारांबद्दल मी फार बोलणार नाही. बघायला डोळे दिपतात, पण मला त्यातलं करता काही येत नाही.

आता सामान. अल्पाइन स्की सपाट जमिनीवर ठेवली तर मधून किंचित उचललेली दिसते, गाडीच्या स्प्रिंगपाट्यासारखी. तुम्ही उभे राहिलात की ती दबते आणि वजन लांबीभर वाटलं जातं. वरून पाहिली तर कमरेत बारीक, दोन्ही टोकांना रुंद. म्हणून कडेवर कलवली की ती आपोआप कमानीत वळू लागते. तळाच्या दोन्ही कडांना पोलादी पट्टी असते, तीच तुमची पकड आणि तोच तुमचा ब्रेक. आमच्या वेळी हात वर करून मनगटापर्यंत पोचेल एवढी लांब स्की द्यायचे. आता कमरेचा बारीकपणा वाढला आणि लांबी घटली. नवशिक्याला हनुवटीपर्यंतची पुरे.

संध्याकाळी आम्ही तळाला मेण लावायचो. इस्त्रीवर मेणाची वडी धरायची, थेंब थेंब पाडायचे, मग इस्त्रीनं ते पसरायचं. थंड झालं की पट्टीनं खरवडून काढायचं. नवख्याला वाटतं, खरवडायचंच होतं तर लावलं कशाला? पण तळाच्या सूक्ष्म छिद्रांत जिरलेलं तेवढंच कामाचं, वर राहिलेलं उलट अडतं. त्या खोलीतला गरम मेणाचा वास अजून नाकात आहे.

बुटांकडं मात्र नीट लक्ष द्या. अल्पाइन बूट कडक प्लॅस्टिकचा, पुढं कललेला असतो आणि चालताना कैद्यासारखं वाटतं. आत एकच पातळ, गुडघ्यापर्यंतचा मोजा घालायचा. थंडीच्या भीतीनं आपली माणसं दोन-तीन मोजे चढवतात, मग पाय आवळला जातो, रक्त फिरत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. बूट बरोबर बसला की उभं राहिल्यावर अंगठा पुढं जेमतेम टेकतो आणि गुडघा वाकवला की थोडा मागं सरकतो. हेल्मेट, गॉगल आणि हातमोजे हवेतच. हातातल्या काठ्यांना टोकाशी चकती असते, ती काठी रुतू देत नाही.

बूट आणि स्की यांना जोडणारी कळ म्हणजे बाइंडिंग, आणि भाच्याला टाच बघ म्हणालो ते यासाठी. पायाला दीड-दोन मीटरची फळी जखडली म्हणजे ती तरफ झाली. पडताना तिचं टोक बर्फात अडकलं तर सगळा पीळ गुडघ्यात येतो. म्हणून ठराविक जोर आला की बाइंडिंगनं बूट सोडून द्यायला हवा. नॉर्वेतून अमेरिकेत गेलेल्या यल्मार व्हामचा १९३७ साली स्कीइंग करताना पाय मोडला आणि त्यातून त्यानं असं सुटणारं बाइंडिंग बनवलं. आज त्यावर आकडे असतात. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमची तयारी यांवरून तो आकडा ठरतो.

दुसऱ्या आठवड्यात माझं बाइंडिंग एका सकाळी दोनदा सुटलं. बाकीचे पुढं गेले, मी मागं राहिलो, याचा राग आला. कुणाला न विचारता खिशातल्या चाकूच्या पात्यानं मी स्क्रू आवळला. दुपारी ऊन उतरल्यावर वरचा थर कडक झाला होता. डावी स्की त्या पापुद्र्याखाली शिरली, मी उजवीकडं फेकला गेलो आणि टाच सुटली नाही. गुडघ्यातून ओलं फडकं फाडल्यासारखा आवाज आला. माझा कोर्स तिथंच संपला. पुढच्या हिवाळ्यात परत जाऊन पूर्ण केला, पण अजिंक्यतारा चढताना तो गुडघा आजही बोलतो.

म्हणून दुकानात वजन विचारलं तर खरं सांगायचं. आणि मी चांगला खेळतो अशी बढाई मारायची नाही, कारण तेवढ्यानं आकडा चढतो. बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ काठीनं खरवडून मगच टाच दाबायची, नाहीतर ती अर्धवट बसते.

शिकवणी पडण्यापासून सुरू होते. आमचे उस्ताद गढवाली होते. त्यांनी पहिला दिवस नुसतं पडायला आणि उठायला लावलं. पडायचं ते बाजूला, कुल्ल्यावर. हात टेकायचे नाहीत. उठताना स्की अंगाच्या खालच्या बाजूला, उताराला आडव्या घ्यायच्या, नाहीतर उठता उठताच निघालात. मग आडवं पाऊल टाकत चढणं, शेताची ताल चढतो तसं. मग स्नो-प्लाऊ, म्हणजे नांगर. स्कींची पुढची टोकं जवळ, मागची फाकलेली, आतल्या कडा बर्फात. फाकवलं की वेग मरतो, एका पायावर भार दिला की दुसऱ्या बाजूला वळतं. सगळं मन सांगतं मागं रेल, आणि मागं रेललं की ताबा गेला. नडगी बुटाच्या जिभेवर दाबून उताराकडं झुकायचं. हे डोक्याला पटायला मला चार दिवस लागले.

गुलमर्गला पोरांना खालच्या सौम्य मैदानावरच ठेवायचं. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर, जवळपास चार हजार मीटरवर नेतो. तिथून खालचा उतार देखणा, पण नवशिक्याचा नाही. तिथं हिमस्खलन होतं. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार आणि त्यावर ताजा थर असेल तर सरावलेलेही थांबतात. आणि जातात ते संदेशयंत्र, लांब सळई आणि फावडं घेऊन, कारण गाडलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत काढलं तरच भरवसा. फेब्रुवारी २०१०मध्ये तिथल्याच खिलनमर्गला प्रशिक्षणाला आलेले १७ जवान हिमस्खलनात गेले. फेब्रुवारी २०१६मध्ये सियाचीनच्या सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळला, त्यात आमच्या माणच्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. आमच्या भागात बर्फ पडत नाही, पण बर्फानं नेलेली माणसं आहेत.

जानेवारीत पोरं गेली. तिसऱ्या दिवशी रात्री भाच्याच्या धाकटीनं फोन घेतला. नऊ वर्षांची आहे.

"आजोबा, आज माझी टाच दोनदा सुटली."

"आणि गुडघा?"

"काही नाही झालं. बाबांनी वजन खरं सांगितलं होतं. स्वतःचंसुद्धा."