पाळी समजून अंगावर काढू नका

गेल्या रमजानमध्ये वाकोल्यातल्या माझ्या एका विद्यार्थिनीच्या अम्मी इफ्तारची तयारी करता करता चक्कर येऊन पडल्या. दहा दिवस उशिरा थोडं रक्त दिसलं, ती पाळीच समजून त्यांनी रोजे सोडले होते. ओटीपोटात एका बाजूला कळ, खांद्यातही दुखत होतं. घरच्यांना वाटलं, कामाचा थकवा. सोनोग्राफीत कळलं की गर्भ गर्भाशयात नव्हताच. तो गर्भनलिकेत वाढत होता आणि नलिका फुटून पोटात रक्त साचलं होतं. ऑपरेशन झालं, त्या वाचल्या, अल्हम्दुलिल्लाह.

शंभर गर्भधारणांत एक-दोन अशा असतात. अमेरिकेत १९७० मध्ये दर हजारी साडेचार असलेलं प्रमाण १९९२ पर्यंत जवळपास २० वर गेलं. जंतुसंसर्ग वाढले, तशा तपासण्याही सुधारल्या. आपल्याकडे आणखी एक कारण आहे, जननमार्गाचा क्षयरोग. टीबी म्हटलं की आपल्याला फक्त खोकला आठवतो. तो नलिकाही खराब करतो, हे सुनेला कोण सांगणार?

१८८३ मध्ये लॉसन टेट या स्कॉटिश सर्जननं फुटलेली नलिका काढून रुग्ण वाचवला, तोवर हे दुखणं बहुधा जीव घेऊनच जाई. आता लवकर कळलं तर काहींना मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनवर भागतं, काहींना दुर्बिणीतून ऑपरेशन लागतं. इंजेक्शननंतर मात्र रक्ताची तपासणी पुन्हा पुन्हा करावीच लागते.

घरच्या किटवर दोन रेषा उमटल्या की गर्भ आहे एवढंच कळतं, कुठे आहे ते नाही. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्या नलिकेतल्या गर्भावर चालत नाहीत. रक्तस्राव होतो, बाई निश्चिंत होते, आणि नलिका आत ताणत राहते. पाळी चुकून पोटात कळ, रक्त किंवा चक्कर असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आपल्याला सांताक्रूझ पूर्वेचं महापालिकेचं देसाई रुग्णालय जवळ आहे.

काही भगिनी विचारतात, हा गर्भपाताचा गुनाह तर नाही ना? नलिकेतला गर्भ जगूच शकत नाही, धोका आईच्या जिवाला असतो. अशा वेळी उलेमा उपचाराची इजाजत देतात.

आणि ऑपरेशनच्या कागदावर सज्ञान स्त्रीची स्वतःची सही चालते. त्या अम्मींच्या घरी मात्र सौदीत असलेल्या शौहरचा फोन लागेपर्यंत अर्धा तास गेला होता.