सही करण्याआधी एक मिनिट!

घरात कुणी ॲडमिट झालं की खरी पळापळ कुणाची होते? तुमची. फॉर्म इंग्रजीत, पेमेंट यूपीआयवर, मेडिकल तळमजल्यावर. मग ‘तुला इंग्रजी येतं ना, तूच बघ’ म्हणत फाइल तुमच्या हातात दिली जाते. त्या फाइलमधला सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे कन्सेंट फॉर्म. आणि नेमका तोच आपण न वाचता सही करून परत देतो.

सही मागणाऱ्या स्टाफसाठी तो बऱ्याचदा उरकायचा एक कागद असतो. त्याशिवाय पेशंटला ओटीत नेता येत नाही. आपल्याला वाटतं, ‘काही झालं तर आम्ही जबाबदार नाही’ असं हॉस्पिटल लिहून घेतंय. प्रत्यक्षात तो पेशंटचा होकार असतो. काय करणार, धोका काय, दुसरा पर्याय कोणता, केलंच नाही तर काय होईल, हे सगळं समजल्यावर दिलेला. सही ही त्या बोलण्याची फक्त नोंद.

आणि होकार कुणाचा? २००८ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका केसमध्ये हे स्पष्ट केलं. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका महिलेचं गर्भाशय तिच्या आईची संमती घेऊन काढण्यात आलं होतं. जीव वाचवण्यासाठी ते तेव्हाच करणं गरजेचं नव्हतं. कोर्ट म्हणालं, पेशंट सज्ञान आहे, शुद्धीवर येणार आहे. मग आईची संमती चालणार नाही, थांबायला हवं होतं. म्हणजे आजी शुद्धीवर असेल, तिला समजत असेल, तर तिच्या ऑपरेशनचा निर्णय मामानं किंवा तुम्ही परस्पर घ्यायचा नाही. ‘तिला कशाला सांगायचं, घाबरेल’ हे आपण प्रेमानंच म्हणतो. पण हक्क तिचा असतो.

असे हक्क बरेच आहेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या सनदेत ते १७ आहेत. सेकंड ओपिनियन घेता येतं. बिल थकलं म्हणून पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड मिळायला हवं. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांप्रमाणे खासगी हॉस्पिटलनं रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं असतं. पुढच्या वेळी रिसेप्शनजवळच्या भिंतीकडे नीट बघा.

आता काउंटरच्या पलीकडूनही बघू. वॉर्डात सिस्टर एक, बेड कितीतरी, आणि प्रत्येक बेडमागे तोच प्रश्न विचारणारे चार नातेवाईक. वर मारहाणीची धास्ती. ती उगाच नाही. डॉक्टर आणि स्टाफवरचे हल्ले रोखायला महाराष्ट्राला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला. त्यामुळे ‘हक्क’ म्हटलं की स्टाफला भांडणाची चाहूल लागते. आणि वाद घातला तर आपल्याच पेशंटकडे दुर्लक्ष होईल, म्हणून घरचे गप्प बसतात. भीती दोन्हीकडे आहे.

मग करायचं काय? घरातून बोलायला एकच जण ठरवा. प्रश्न मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि राउंडला आलेल्या डॉक्टरांना विचारा. फॉर्म मराठीत मागा. नसेल तर ‘मराठीत समजावून सांगा’ म्हणा. रेकॉर्डसाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आवाज चढवायची गरज नाही.

आणि सही करण्याआधी बेडजवळ जा. ‘आजी, डॉक्टर काय करणार आहेत ते तुला सांगितलंय का?’ एवढंच विचारा. ती ‘नाही’ म्हणाली, तर पेन खिशात ठेवा आणि आधी डॉक्टरांना तिच्याशी बोलायला सांगा.