मेली म्हणता ती कोबोल

‘कोबोल? ती तर केव्हाच मेली!’ नुकती पायथन शिकलेली पोरं हे इतक्या ठामपणे सांगतात, की जणू तिरडी त्यांनीच बांधली. संगणकाची ही भाषा 1959 मध्ये अमेरिकेत आखली गेली हे खरं. पण तिचं ताजं आंतरराष्ट्रीय मानक 2023 चं आहे. मेलेल्या भाषेची मानकं कोणी काढत बसत नाही! बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांचे हिशेब आजही तिच्यावर चालतात.

‘आळसामुळे बदलत नाहीत,’ हे पुढचं पालुपद. आळस नव्हे, पैशांचा नेमका हिशेब! पायथनमध्ये 0.1 अधिक 0.2 करून पाहा. उत्तर येतं 0.30000000000000004. साधे अपूर्णांक तिथे द्विमान पद्धतीत साठतात आणि एक दशांश त्यात नेमका बसत नाही. कोबोलमध्ये रकमेची जागा आखतानाच सांगायचं: दशांश चिन्हाआधी सात अंक, नंतर दोन. नव्या भाषांतही ही सोय आहे, पण आठवणीने मागावी लागते. शिवाय बदलणं म्हणजे चालू हिशेब नव्या यंत्रणेवर उचलून ठेवणं. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल 2018 मध्ये तसं केलं. सुमारे 19 लाख ग्राहकांना खाती उघडता येईनात. 2022 मध्ये नियामकांनी 4 कोटी 86 लाख पौंडांहून जास्त दंड ठोठावला.

‘मग अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात काय झालं?’ हा हुकमी एक्का. एप्रिल 2020 मध्ये बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला आणि गव्हर्नरांनी कोबोलच्या जाणकारांना जाहीर हाक दिली. खापर अर्थात म्हातारीवर! तंत्रज्ञानाच्या इतिहासकार मार हिक्स यांनी मात्र त्याच वर्षी लिहिलं, की कोलमडली ती अर्ज भरण्याची वेबसाइट, आणि ती होती जावा या दुसऱ्याच भाषेतली.

बाकीचे गैरसमज झटपट. मेनफ्रेम, म्हणजे कोबोल चालवणारे मोठे संगणक, अडगळीत गेले? आयबीएमने 1964 मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/360 च्याच घराण्यातला झेड17 आला 2025 मध्ये. 1957 ची फोरट्रान भाषा संपली? हवामानाची कित्येक प्रारूपं तिच्यातच आहेत. जुनं ते सगळंच टिकतं? छे, वेबवरच्या ॲनिमेशनचं फ्लॅश हे तंत्र एका कंपनीच्या हातात होतं; ॲडोबीने 31 डिसेंबर 2020 ला आधार काढला आणि कारभार आटोपला.

कोबोलची खरी अडचण माणसांची आहे. जाणकार निवृत्त होताहेत आणि जुन्या प्रोग्रॅमची टिपणं धड नाहीत. पुण्या-मुंबईत मेनफ्रेमच्या नोकऱ्यांच्या जाहिराती अजून निघतात. पोरांनो, तिरडी बांधण्याआधी त्या एकदा वाचा.