एका पिक्सेलच्या वाट्याला दोन-चार फोटॉन

देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. हे अंतर किलोमीटरमध्ये मांडायचे तर २४ वर १८ शून्ये द्यावी लागतात. तरीही साध्या डीएसएलआरला ५० मिलिमीटरची लेन्स लावून तिचा फोटो निघतो! नवख्यांना हे आधी सांगायला हवे, म्हणजे ते पहिला खर्च दुर्बिणीवर करणार नाहीत.

आकाशात ती लहान नाही. तिची लांबी सुमारे ३ अंश, म्हणजे सहा पूर्णचंद्र ओळीने मांडावेत एवढी. अडचण आहे तिच्या मंदपणाची. एफ/१.८ ला लेन्सचे तोंड उघडते जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर. ढोबळ हिशेबाने त्यातून देवयानीचे काही लाख फोटॉन दर सेकंदाला आत येतात. पण प्रतिमा लाखभर पिक्सेलवर पसरते. एकेका पिक्सेलच्या वाट्याला येतात दोन-चार, कडांना त्याहूनही कमी. शहरात दिव्यांचा उजेड त्यांना सहज बुडवतो.

मग शटर तासभर उघडे ठेवावे? पृथ्वी ते ठेवू देत नाही. ती तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्यात देवयानीजवळचा तारा सेकंदाला साधारण पाऊण पिक्सेल सरकतो. पाच-सहा सेकंदांपुढे ठिपक्याची रेघ होऊ लागते.

यावर तोड म्हणजे स्टॅकिंग. पाच सेकंदांच्या ४०० फ्रेम घ्यायच्या आणि डीपस्कायस्टॅकरसारख्या मोफत सॉफ्टवेअरने एकमेकींवर बसवायच्या. सिग्नल ४०० पट होतो, नॉइज मात्र फक्त २० पट. एकूण एक्स्पोजर ३३ मिनिटे! १८८८ मध्ये देवयानीचे सर्पिल रूप पहिल्यांदा फोटोत उतरवणाऱ्या आयझॅक रॉबर्ट्सना त्यासाठी २० इंची दुर्बीण लागली होती; तेही हौशीच.

मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट वेगळीच वाटते. देवयानी आपल्याला तिरकी दिसते आणि तिचा व्यास लाख प्रकाशवर्षांहून बराच मोठा आहे. म्हणजे फोटोत तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या कडेवरून आलेल्या प्रकाशाच्या वयात लाखाहून अधिक वर्षांचे अंतर असते. एकाच फोटोत!

पाऊस सरला की ऑक्टोबर ते डिसेंबरमधली एखादी अमावास्या निवडा. पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे. तिकडे जमले नाही तर गावाबाहेरचे अंधारे माळरान चालेल. शर्मिष्ठा तारकासमूहाच्या टोकदार बाजूच्या रोखाने लेन्स वळवा, फाइल फॉरमॅट रॉ ठेवा, आणि ४०० फ्रेम होईपर्यंत कॅमेरा उचलू नका.